छोट्या कॉलेजचा फुटबॉल हंगाम : तुमचे अनुभव सांगा

अमेरिकेतल्या डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटातल्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पुढे एनएफएलपर्यंत, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगपर्यंत पोचणारा तर क्वचितच कुणी. तरी पोरं ऑगस्टच्या उन्हात सरावाला उतरतात आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत 10 सामने खेळतात. का, ते मला मुलगा खेळायला लागल्यावर उमगलं. तुमच्यापैकी कुणी असा हंगाम जवळून पाहिला असेल तर जरूर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही ओहायोत असतो. दर शनिवारी पोळीभाजीचा डबा आणि थर्मासभर चहा घेऊन निघायचो. पहिले पाच सामने मुलगा नुसता कडेला उभा. सहाव्यात किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकला, त्याला आत पाठवलं. चार-पाच सेकंदांची धाव आणि समोरच्याशी धडक, बस्स. मी तर श्वास रोखूनच पाहिलं. संपल्यावर त्याने हेल्मेट माझ्या हातात दिलं. पांढऱ्या हेल्मेटवर समोरच्या संघाचा लाल रंग ओरखड्यांत बसला होता. मी पदराने पुसायला गेले, तर म्हणाला, "आई, राहू दे ना."

*

मी अशाच एका कॉलेजात गणित शिकवतो. सोमवारी सकाळी 8 च्या तासाला गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून पोरं येतात, पण येतात. गृहपाठ बसमध्ये केलेला असतो. अक्षरावरून कळतं.

*

शिकत असताना मी संघाच्या ट्रेनरबाईंच्या, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्या बाईंच्या, हाताखाली होते. सामन्याआधी दोन तास नुसते घोट्यांना टेप गुंडाळायचे. एकदा एका मुलाच्या डोक्याला मार बसला. "मी ठीक आहे," म्हणत होता, पण वार कुठला ते सांगता येईना. बाईंनी त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि सामना संपेपर्यंत स्वतःच्या काखेत धरून ठेवलं. मेंदूला धक्का बसल्याचं ठरलं की त्या दिवशी परत खेळायचं नाही, हा नियमच आहे. प्रशिक्षक चिडले होते. बाई हलल्या नाहीत. पालकांनो, हंगाम सुरू होण्याआधी आपल्या कॉलेजातल्या ट्रेनरला जरूर भेटून या.

*

मी इंडियानातल्या वॉबॅश कॉलेजचा. आमचं कॉलेज फक्त मुलांचं. शेवटचा सामना डीपॉ विद्यापीठाशी. ही चुरस 1890 पासूनची आहे. 1932 पासून जिंकणाऱ्याला मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची घंटा मिळते, वजन सुमारे 300 पाउंड. त्या आठवड्यात कॉलेजात दुसरा विषय नसतो.

माझा रूममेट चौथ्या वर्षाला होता. सामना संपला आणि त्याचा फुटबॉलही संपला. खोलीवर आला तो पॅड अंगावर ठेवूनच बसला. कुणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळाने त्याने पाय पुढे केला. मी कात्री आणली आणि घोट्यावरची टेप कापली.