ओत्रांतो (दक्षिण इटली): आईबाबांना घेऊन दोन दिवस, सल्ला हवा आहे

वेंधळी_अनू
नमस्कार मंडळी. मी जर्मनीत असते, आईबाबा सध्या माझ्याकडे आलेत. रोम, व्हेनिस उरकलं. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. १४८० साली तुर्कांनी इटलीतलं एक गाव घेतलं होतं, ते दाखव म्हणून मागे लागलेत. गाव म्हणजे ओत्रांतो. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बारीला उतरणार. दोन रात्री पुरतील का? बाबांचा गुडघा दुखतो, आई शुद्ध शाकाहारी.

बोरूबहाद्दर
बाबांना आधी माझा नमस्कार सांगा.

दोन रात्री भरपूर झाल्या, पण पहिली सकाळ सगळी कॅथेड्रललाच द्या. लोक किल्ला बघून, समुद्रावर फोटो काढून शेवटी अर्ध्या तासात ते उरकतात. तिथली फरशी हाच मुख्य ऐवज आहे. ११६३ ते ११६५ या काळात पांतालेओने नावाच्या भिक्षूने दगडाच्या बारीक तुकड्यांची ही नक्षी करवून घेतली. दारातून आत शिरलात की पायाशी दोन हत्ती, त्यांच्या पाठीवर एक प्रचंड झाड, आणि ते झाड थेट वेदीच्या दिशेने वाढत गेलेलं. फांद्यांमध्ये नोहाचं तारू, बाबेलचा मनोरा, ग्रिफिनांनी (अर्धा गरुड, अर्धा सिंह अशा काल्पनिक प्राण्यांनी) उचललेला सिकंदर. बारा महिने वेगवेगळ्या वर्तुळांत, प्रत्येकात राशी आणि त्या महिन्यातलं शेतीचं किंवा घरचं काम. सगळ्यात गंमत म्हणजे बोकडासारख्या जनावरावर बसलेला एक राजा, शेजारी अक्षरं: रेक्स आर्टुरस. म्हणजे इंग्रजांच्या दंतकथांतला राजा आर्थर, इटलीच्या पार टाचेवर! तो इथे कसा पोचला यावर विद्वानांचे वाद चालूच आहेत. बाबांना आवडेल हे.

बराचसा भाग दोरी लावून बंद असतो, कडेकडेने बघावं लागतं. दुपारी देऊळ बंद होतं, प्रार्थना चालू असताना हिंडू देत नाहीत. खांदे झाकलेले हवेत. खाली तळघरातलं खांबांचं दालन सोडू नका. खांब वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले, एकाची घडण दुसऱ्यासारखी नाही. पायऱ्या आहेत, बाबांना सावकाश उतरवा.

खारुताई
उजवीकडच्या चॅपलमध्ये काचेच्या कपाटांत माणसांच्या कवट्या रचून ठेवल्यात. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आईंना आधी सांगून ठेवा.

बोरूबहाद्दर
हो, ते सांगायचं राहिलं. जुलै १४८० मध्ये तुर्क सेनापती गेदिक अहमद पाशाचं आरमार आलं, दोनेक आठवड्यांत शहर पडलं. १४ ऑगस्टला मिनर्वा टेकडीवर सुमारे ८०० पुरुषांची मुंडकी उडवली, त्यांच्याच या कवट्या. धर्म बदलायला नकार दिला म्हणून मारलं, असं चर्च मानतं. काही इतिहासकारांच्या मते ती शरण न आलेल्या शहराला दिलेली शिक्षा होती. अंतोनियो प्रिमाल्दो हा म्हातारा शिंपी त्यांचा म्होरक्या. त्याचं धड शेवटचा माणूस मरेपर्यंत उभंच राहिलं, अशी आख्यायिका. २०१३ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी या सगळ्यांना संतपद दिलं. त्याची घोषणा ज्या बैठकीत झाली, तिथेच आधीचे पोप बेनेडिक्ट यांनी पोपपद सोडत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे ही बातमी कुणाच्या लक्षातच आली नाही. मे १४८१ मध्ये तुर्कांचा सुलतान मेहमद वारला आणि त्याच वर्षी नेपल्सकरांनी शहर परत घेतलं. आज दिसणारा किल्ला बराचसा त्यानंतरचा.

झणझणीत_रस्सा
सान पिएत्रोचं छोटंसं बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं) चर्च बघाच. बाहेरून काहीच वाटत नाही, आत भिंती चित्रांनी भरलेल्या आणि त्यांवर ग्रीक अक्षरं. उत्तर फ्रान्सकडचे नॉर्मन येईपर्यंत हा मुलूख बायझंटाइनांचा होता. आसपासच्या काही गावांत अजून ग्रिको (तिथली ग्रीक बोली) बोलणारी म्हातारी माणसं भेटतात.

तारखा हलवता येत असतील तर ७ ते ९ मे बारीत काढा. संत निकोलासचा उत्सव असतो. १०८७ मध्ये बारीच्या खलाशांनी त्याच्या अस्थी मायरा इथून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, उचलून आणल्या, त्याची ही आठवण. मूर्ती होडीतून समुद्रात नेतात.

परतताना गालातिना गावी उतरा. तिथल्या सांता कातेरीना चर्चच्या भिंती चित्रांनी झाकून गेल्यात. आणि २९ जूनला तिथल्या संत पॉलच्या चॅपलमध्ये विषारी कोळी (किडा) चावल्याचं मानणाऱ्या बाया नाचत यायच्या. आईंना ‘अंगात येणं’ म्हणून सांगितलंत तर लगेच कळेल, जरी प्रकार अगदी तोच नसला तरी.

जेवण: बाकल्याच्या सुक्या दाण्यांचं घोटलेलं वरण आणि सोबत कडसर पालेभाजी, त्याला ‘फावे ए चिकोरिए’ म्हणतात. आईंना घरच्यासारखं वाटेल. पास्तिच्चोत्तो नावाची गोड पेस्ट्री मात्र विचारून घ्या. पारंपरिक पारीत डुकराची चरबी असते.

वेंधळी_अनू
लेच्चेहून ट्रेनने जाता येतं ना?

खारुताई
येतं, माल्येला गाडी बदलावी लागते. रविवारी त्या लाइनीच्या भरवशावर राहू नका. गुडघा बघता कारच बरी.

वेंधळी_अनू
जाऊन आलो! बारीचा उत्सव नाही जमला. बाबा कॅथेड्रलमध्ये दोरीला टेकून तास-दीड तास उभे, गुडघ्याचं नावही काढलं नाही. आर्थर सापडल्यावर एवढ्या मोठ्याने “हा बघ!” म्हणाले की रखवालदार धावत आला. मग त्यानेच बाबांना दंडाला धरून हत्तींपाशी नेलं. आई कपाटांसमोर हात जोडून थांबली, घाबरलीबिबरली नाही.

झणझणीत_रस्सा, तुमचा तो चरबीचा मुद्दा मी आज परत आल्यावर वाचला. आईने तीन पास्तिच्चोत्तो खाल्ले. तिला अजून सांगितलेलं नाही.