कापडी डायपर रात्री गळतो. कापड चुकलं की आम्ही? मदत हवी आहे (वजनकाट्याचे आकडे आत)

नमस्कार मंडळी,

मुलगी सात महिन्यांची आहे, वजन ८ किलो. रात्री साडेनऊला घातलेला कापडी डायपर पहाटे साडेतीनला गळतो. झबलं पाठीपर्यंत ओलं, दुपटं ओलं, परवा तर थेट गादीवर नकाशा. बायको म्हणते, रात्रीपुरता विकतचा फेकायचा डायपर लावू आणि गुपचूप झोपू. आई म्हणते, "तुला धोतराच्या लंगोटांत वाढवला, तेव्हा काय अडलं होतं?" (अडलं नाही, कारण दर दोन तासांनी तीच उठत होती. हे तोंडावर बोलायची हिंमत नाही.)

आमच्याकडे सहा पॉकेट डायपर आहेत. बाहेरून पीयूएल, म्हणजे आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवलेलं कापड. बाळाच्या अंगाला लागणारं मऊ अस्तर. या दोहोंच्या मधल्या खिशात पॅड सरकवायचा, त्याला सगळे इन्सर्ट म्हणतात. तीन डायपर एका कंपनीचे, तीन दुसरीचे, म्हणून इन्सर्टही दोन जातींचे: मायक्रोफायबरचे आणि बांबू-सुती. दोन्ही पाकिटांवर 'रात्रभर निश्चिंत' छापलंय. निश्चिंत नक्की कोण, ते छापलेलं नाही.

शेवटी रविवारी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. कोरडा इन्सर्ट तोलला, परातीत पाण्यात बुडवला, कोपऱ्याला धरून ठिबकणं थांबेपर्यंत लोंबकळत ठेवला आणि परत तोलला. मग त्यावर पाच किलोची कणकेची पिशवी मिनिटभर ठेवली (बाळ काही डायपरवर हवेत तरंगत नाही), निथळलेलं पाणी फेकलं आणि तिसऱ्यांदा तोलला. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, हिशोब सोपा.

मायक्रोफायबर: कोरडा ३४ ग्रॅम, भिजून १९०, पिशवीनंतर ११५. म्हणजे १५६ मिली प्यायला आणि धरून ठेवलं फक्त ८१.
बांबू-सुती: कोरडा ६२, भिजून २६८, पिशवीनंतर २३०. धरून ठेवलं १६८.
आईने हट्टाने आणून दिलेली जुन्या धोतराची घडी: कोरडी ७०, भिजून ३००, पिशवीनंतर २५०. धरून ठेवलं १८०!

आई तेव्हापासून घरात मान ताठ करून फिरते आहे.

आता अडचण अशी. एवढ्या वयाच्या बाळाला ताशी दर किलोमागे साधारण १ ते २ मिली शू होते असं धरलं, तर आठ किलोला नऊ तासांत जास्तीत जास्त १४४ मिली. बांबूवाला १६८ धरतो. मग साडेतीनला गळतो का?

पैशाचंही विचारून घेतो. फेकायचा एक डायपर आम्हाला साधारण ११ रुपयांना पडतो, दिवसाला सहा, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. कापडी सहा घेतले ३,६०० ला. अजून सहा घ्यावेत, की त्यापेक्षा वेगळं काही?

गोधडीवाली: काटा, परात, कणीक. तुमच्या घरी पोळ्या झाल्या का त्या दिवशी? हलके घ्या. :)

मायक्रोफायबरचं कोडं तुम्हीच सोडवलंय. तो भसकन पितो आणि दाबलं की भसकन सोडतो. वरून घालायला उत्तम, एकटा निरुपयोगी. आणि कृपा करून तो थेट बाळाच्या अंगाला लावू नका, त्वचेचा ओलावा ओढून घेतो, पुरळ येतं. रात्री मायक्रोफायबर वर आणि बांबू खाली, दोन्ही खिशाच्या आत.

ओलेता: मुलगी आहे आणि उताणी झोपते ना? मग शू मागे जाते. तुम्ही जास्तीची घडी पुढे करत असाल तर ती मधोमध आणि थोडी मागे सरकवा. मुलाला पुढे, मुलीला मध्ये-मागे. आमच्याकडे नुसत्या एवढ्याने निम्मं गळणं थांबलं.

दुसरं, मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या वळीत बसलं पाहिजे, चड्डीसारखं मांडीवर नाही. बोट घालून फिरवून बघा. आणि इन्सर्टचं एखादं टोक खिशाबाहेर डोकावत असेल तर झबलं तिथूनच पाणी ओढतं. डायपर कोरडा आणि झबलं चिंब, असं होतं ते त्यामुळे.

धागाकर्ता: मध्ये-मागे करून पाहिलं. काल साडेचारपर्यंत निभावलं. एक तास कमावला.

आजोळ: किती वेळा धुऊन वापरायला काढलेत? नव्या सुती कापडावर नैसर्गिक मेण असतं, चार-सहा धुण्यांशिवाय ते धड पाणी पीत नाही. धोतर जिंकलं त्यात नवल नाही, ते वीस वर्षं धुतलं गेलंय.

आणि एक परीक्षा करा. कोरड्या इन्सर्टवर पाण्याचा एक थेंब सोडा. लगेच विरला तर उत्तम. मोत्यासारखा उभा राहिला तर तंतूंवर काहीतरी बसलंय. ही परीक्षा इन्सर्टवर करा, अस्तरावर नको. फ्लीसच्या अस्तरावर थेंब असाही उभा राहतो, दाब पडला की आत जातो.

धागाकर्ता: केली. बांबूवर थेंब उभा! सावकाश वीसपर्यंत मोजलं तेव्हा कुठे विरला. आईच्या धोतरावर पडता पडता गायब. (तिला बोलावून दाखवावं लागलं.)

पण मग माझ्या काट्यावर बांबूने १६८ कसे धरले?

आजोळ: कारण तुम्ही परातीत बुडवून ठेवलात. बाळ बुडवत नाही, एकदम पिचकारी मारतं. किती मावतं हा एक प्रश्न आणि किती लवकर आत जातं हा दुसरा. थेंब उभा राहत असेल तर धार इन्सर्टवरून घसरत मांडीच्या फटीतून बाहेर, आणि इन्सर्ट अर्धा कोरडाच. पुढच्या वेळी गळला की लगेच काढून तोला, कळेल.

आता खरं सांगा: कपड्यांना वास यावा म्हणून शेवटी कंडिशनर घालता का? पुरळाचं क्रीम कुठलं? पाणी कुठलं?

धागाकर्ता: पहाटे ३:५० ला तोलला. कोरडा ६२, गळलेला १४१. म्हणजे ७९ मिलीलाच हात टेकले! तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

कबुलीजबाब: कंडिशनर हो, दर धुण्याला, गुलाबाचा. क्रीम झिंकचं, तेही भरपूर. पाणी टँकरचं आणि बोअरचं. गिझरची कॉइल दरवर्षी पांढरी होते. मशीन फ्रंट लोड, पाणी वाचवणाऱ्या प्रोग्रॅमवर.

आजोळ: झालं की मग. कंडिशनर म्हणजे तंतूंना मऊपणाचा लेप, तोच पाणी आत जाऊ देत नाही. क्रीम तर सरळ तेलकटच. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका बसतो, आणि पाणी वाचवणारं मशीन तो खळबळून काढत नाही. चारही गुन्हेगार एकाच घरात.

कंडिशनर बंद. क्रीम लावायचं असेल तर वर मलमलचा तुकडा ठेवा, तो वेगळा धुवा. नुसते इन्सर्ट घ्या, पीयूएल नको. साठ अंशांवर डिटर्जंटने एकदा, मग साबणाशिवाय गरम पाण्यात दोन-तीनदा, फेस दिसायचा थांबेपर्यंत. रोजच्या धुण्यात आधी एक गार खळबळ आणि शेवटी जास्तीची खळबळ. पीयूएल चाळिसाच्या वर नेऊ नका, इस्त्री तर नाहीच.

रिठेवाली: आम्ही रिठ्याने धुतो, बाळाला काही त्रास नाही.

गोधडीवाली: रिठ्याने दुपटी निघतात, मान्य. पण रात्रभर शूत भिजलेला आठ पदरी इन्सर्ट? सकाळी डायपर काढताना डोळ्यांत जातो तो झणझणीत वास रिठ्याने जात नाही. मी सहा महिने करून बघितलंय.

स्लावकर: इकडे इंग्लंडात नॅपी लायब्ररी असतात, वेगवेगळे डायपर उसने नेऊन घरी वापरून बघायचे. काही कौन्सिल कापडी डायपर घ्यायला व्हाउचरही देतात. आम्ही तसंच ठरवलं आणि शेवटी कव्हर अधिक साध्या घड्या यांवर आलो.

कोणी पर्यावरणाचा मुद्दा काढायच्या आत: इथल्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या २००८ च्या अहवालात अडीच वर्षांचा हिशोब होता. फेकायचे डायपर सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड, कापडी सुमारे ५७०. म्हणजे बरोबरीच. पण पूर्ण भरलेलं मशीन, दोरीवर वाळवणं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला, असं केलं तर कापडीचा भार ४० टक्क्यांनी उतरतो. दोरी तुमच्याकडे आहेच. दुसऱ्या बाळाचं तुमचं तुम्ही बघा.

ओलेता: पैशाच्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही. अजून सहा पॉकेट घेऊ नका. महाग असतं ते बाहेरचं कव्हर, आणि पितो तो आतला पॅड. नुसती शू असेल तर कव्हर पुसून, वारा देऊन दोन-तीनदा चालतं. चार-पाच साधी कव्हरं आणि वीसेक मलमलच्या नाहीतर धोतराच्या घड्या, एवढ्यात दिवस निघतो. रात्रीसाठी फक्त दोन जाड बांबूचे किंवा हेंपचे (भांगेच्या जातीच्या झाडाच्या तंतूंचे) पॅड घ्या. हेंप हळू पितो पण दाबलं तरी सोडत नाही, म्हणून तो सगळ्यात खाली.

आणि पावसाळा मोजा. जाड बांबू जुलैत दोन-दोन दिवस दमट राहतो. मलमल उलगडून पंख्याखाली टाकली की संध्याकाळपर्यंत घडी घालायला तयार. माझी आजी शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर दुपटी वाळवायची, धुरीचा वास यायचा त्यांना. फ्लॅटमध्ये तसलं काही करू नका, आगीचा बंब येईल.

धागाकर्ता: आठ दिवसांनी लिहितोय, क्षमस्व.

इन्सर्ट सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात काढले. पहिल्या खळबळीला एवढा फेस आला की बायकोने मशीनच्या काचेचा फोटो काढून ठेवला. तिसऱ्याला पाणी स्वच्छ. थेंब आता दोन मोजेपर्यंत विरतो. कणकेची परीक्षाही परत केली: धरून ठेवलं १८४. आईच्या धोतरापेक्षा चार जास्त. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या पाच रात्रींत एकदाच गळला, आणि त्या रात्री इन्सर्टचं टोक बाहेर होतं. मीच घातला होता. नवे पॉकेट घेतले नाहीत. तीन कव्हरं मागवली, आणि आईने ट्रंकेतून अण्णांची दोन धोतरं काढून सोळा घड्या शिवल्या. कडेला दुहेरी टीप, मध्ये टाके नाहीत, म्हणजे उलगडून वाळवता येतात.

मेणकापड गादीवर अजून आहे. आता फक्त दुधावरून वरणभातावर आल्यामुळे पडणारे पिवळे डाग राहिलेत. उन्हात टाकले की उडतात म्हणतात, पण आमची गॅलरी उत्तरेला. सोसायटीच्या गच्चीवर लंगोट वाळत घालायला सेक्रेटरींची परवानगी लागते का, कोणाला अनुभव?

गोधडीवाली: परवानगी मागू नका. सकाळी सातला घाला, नऊला काढा.