पेट्रोल की इलेक्ट्रिक: इतक्या अनिश्चिततेत गाडीचा निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा?

तळ्यात_मळ्यात

नमस्कार. आमची पेट्रोल गाडी बरीच जुनी झाली आहे. ती अजून चालते, परंतु दुरुस्तीचा खर्च वाढत चालल्यामुळे वर्षभरात ती बदलावी लागेल असे दिसते. रोजचे जाणे-येणे तीस-चाळीस किलोमीटरचे आहे आणि वर्षातून काही वेळा चार-पाचशे किलोमीटरचा प्रवास एकाच दिवसात करावा लागतो. इलेक्ट्रिक गाडी चालवून पाहिली आणि ती मनापासून आवडली. तरीही मन धजावत नाही. बॅटरी किती वर्षे टिकेल, दोन वर्षांत याहून चांगली आणि स्वस्त बॅटरी आली तर आजची गाडी विकायला काढल्यावर तिला कोण विचारणार, विजेचे दर वाढले किंवा करसवलत काढून घेतली तर बचत कुठे राहणार, असे प्रश्न एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला, पेट्रोल महागले किंवा पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले तर आज घेतलेली पेट्रोल गाडी गळ्यात पडेल, अशीही भीती आहे. इमारतीच्या वाहनतळात आमची जागा ठरलेली आहे, पण तिथे चार्जर बसवायला व्यवस्थापन समितीने अद्याप परवानगी दिलेली नाही. अमुक एक गाडी घ्या, असा सल्ला मला नको आहे. अशा स्थितीत विचार कोणत्या क्रमाने करावा, एवढेच जाणकारांनी सांगावे.

हिशेबी

आपल्या शंकांची प्रथम दोन भागांत वाटणी करावी, असे मी सुचवेन. काही गोष्टी आज अनिश्चित वाटतात, पण पाठपुरावा केला तर महिना-दोन महिन्यांत त्यांचा निकाल लागतो. उरलेल्या गोष्टी कोणालाच, अगदी गाड्या बनवणाऱ्यांनाही, ठाऊक नाहीत. आपला चार्जर पहिल्या भागात मोडतो आणि माझ्या मते पुढचा बहुतेक हिशेब त्याच्यावरच अवलंबून आहे.

तो कसा, ते पाहा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०० किलोमीटरसाठी जवळपास ६० युनिट ऊर्जा खाते, कारण तिच्यातील बहुतांश भाग इंजिनातून उष्णता होऊन निघून जातो. तेवढ्याच अंतरासाठी मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला, चार्जिंगमधील घट धरूनही, १७ युनिटांच्या आसपास वीज पुरते. हा फरक इतका मोठा आहे की घरच्या विजेचा दर थोडाफार वाढला म्हणून तो पुसला जात नाही. मात्र घरी चार्जिंगची सोय नसेल आणि सार्वजनिक जलद चार्जिंगचा दर घरच्या दराच्या तिप्पट असेल, तर तो बराचसा पुसला जातो. शिवाय जलद चार्जरवर साधारण ८० टक्क्यांनंतर वेग बराच उतरतो, म्हणजे पैशांबरोबर वेळही जातो. उलट, २३० व्होल्टच्या आणि १६ अँपिअरच्या साध्या जोडणीवरून तीन किलोवॉटच्या आसपास वीज मिळते आणि आपले रोजचे चाळीस किलोमीटर अडीच तासांत भरून निघतात. त्यासाठी मोठा चार्जरही लागत नाही.

बॅटरीविषयीची भीती मला प्रमाणाबाहेरची वाटते. बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, क्षमता ७० टक्क्यांच्या खाली जाणार नाही अशी हमी देतात. आपल्या वापराने त्या मुदतीत एवढे किलोमीटर होणारही नाहीत. आणि ७० टक्के क्षमतेची बॅटरी निकामी झालेली नसते. तिच्यावर आपले रोजचे जाणे-येणे निवांत चालेल, फक्त लांबच्या प्रवासात एखादा थांबा वाढेल. बॅटरीला खरा त्रास होतो तो उष्णतेचा, सतत १०० टक्के भरून गाडी उभी ठेवण्याचा आणि रोजच्या जलद चार्जिंगचा. म्हणून बॅटरीसाठी द्रवशीतन (द्रव फिरवून बॅटरी थंड ठेवण्याची सोय) आहे का आणि तिचा प्रकार कोणता, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी त्याच वजनात थोडे कमी अंतर देते आणि कडाक्याच्या थंडीत हळू भरते, परंतु भरण्या-रिकामे होण्याची आवर्तने ती निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारापेक्षा अधिक सोसते. आपल्या वापराला मी पहिला प्रकारच निवडेन.

आता दुसरा भाग, म्हणजे ज्याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही तो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव एका दिवसापुरता शून्याच्याही खाली गेला होता आणि मार्च २०२२ मध्ये तेलाने पिंपाला १२० डॉलरची पातळी ओलांडली होती. दोन वर्षांत एवढी उलथापालथ होत असेल, तर दहा वर्षांचे तक्ते मांडणाऱ्यांवर किती विसंबायचे, हे आपणच ठरवा. धोरणांचेही तसेच आहे. ब्रिटनने नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांची विक्री २०३० मध्ये थांबवण्याचे २०२० साली जाहीर केले, २०२३ मध्ये ती मुदत २०३५ वर ढकलली आणि पुढे आलेल्या सरकारने पुन्हा २०३० वर आणली. तरीही एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये: हे निर्बंध नव्या गाड्यांच्या विक्रीवरचे आहेत, आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांवरचे नाहीत. लंडनच्या अतिकमी उत्सर्जन क्षेत्रातही, जिथे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शुल्क द्यावे लागते, युरो ४ या जुन्या युरोपीय उत्सर्जन मानकाच्या पेट्रोल गाड्यांना शुल्क पडत नाही. त्यामुळे आजची पेट्रोल गाडी गळ्यात पडण्याची भीती मी यादीत बरीच खाली ठेवेन.

जुना_चालक

हिशेबी यांचे बहुतेक म्हणणे पटते, परंतु गाडी विकताना येणाऱ्या किमतीचा मुद्दा त्यांनी हळूच बाजूला सारला, असे नम्रपणे नोंदवतो. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने आपल्या ताफ्यातील सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, त्यामागे घसरलेल्या किमती आणि अपघातानंतरच्या दुरुस्तीचा जादा खर्च ही मोठी कारणे होती. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत ही नव्या ग्राहकासाठी आनंदाची बातमी असली, तरी कालच्या ग्राहकाची गाडी तीच बातमी स्वस्त करते.

वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्याची इंधनातील बचत फार मोठी नसते. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याच्या बाबतीत किमतीतील घट ती सगळी बचत गिळू शकते. गाडी दहा वर्षे वापरणाऱ्याला मात्र विक्रीच्या किमतीची फिकीर करण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे 'पेट्रोल की इलेक्ट्रिक' याच्या आधी 'किती वर्षे ठेवणार' याचे उत्तर द्यावे. लवकर बदलायची असेल आणि तरीही इलेक्ट्रिकच हवी असेल, तर भाडेपट्ट्याने घ्यावी, म्हणजे घसरणीचा धोका दुसऱ्याच्या माथी जातो. किंवा दोन-तीन वर्षे वापरलेली घ्यावी, म्हणजे सर्वांत मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. वापरलेली घेताना बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल हातात आल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

जुनी गाडी वर्षभर आणखी चालवण्याचा खर्च नव्या गाडीच्या पहिल्या वर्षातील घटीपेक्षा बहुधा कमीच निघेल. ब्रेक आणि सुकाणू ठीक असतील, तर घाई कशाला?

तळ्यात_मळ्यात

दोघांचेही आभार. गाडी आम्ही दहा वर्षे तरी ठेवू, त्यामुळे विक्रीची चिंता थोडी हलकी झाली. समितीचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे: इमारतीच्या जोडणीवर भार पडेल आणि आग लागेल. मधला मार्ग म्हणून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घ्यावी का, असेही मनात येते.

वायरमन

हायब्रिडचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. बाहेरून चार्ज करावी न लागणारी साधी हायब्रिड १९९७ पासून बाजारात आहे. तिचे तंत्र मुरलेले आहे आणि थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत ती पेट्रोल खरोखर वाचवते. प्लग लावून चार्ज करायची हायब्रिड मात्र चार्जर नसलेल्या माणसाने घेऊ नये. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष वापरातील नोंदी तपासल्या, तेव्हा अशा गाड्यांचे उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या सुमारे साडेतीन पट निघाले, कारण लोक त्या पुरेशा चार्जच करत नाहीत. जड बॅटरीही वाहायची आणि पेट्रोलही जाळायचे, असा तो व्यवहार होतो.

समितीच्या आक्षेपांना तांत्रिक उत्तर देता येते. चार्जरसाठी स्वतंत्र परिपथ, योग्य जाडीची तार, गळती प्रवाह तोडणारी कळ आणि तपासलेले अर्थिंग, एवढे असेल तर जोडणी सुरक्षित राहते. धोका असतो तो जुन्या सॉकेटवर जोडतार लावून रात्रभर चार्जिंग करण्यात, आणि परवानगी नाकारली की लोक नेमके तेच करतात, हे समितीला आवर्जून सांगावे. भाराबद्दल बोलायचे, तर इमारतीचा एकूण वापर पाहून चार्जिंगचा वेग आपोआप कमी करणारी यंत्रणा उपलब्ध आहे, आणि आपल्याला तर तीनच किलोवॉट हवे आहेत.

तोंडी विचारणा करू नका, लेखी अर्ज द्या. मंजूर भार किती, त्यातला मध्यरात्री ते पहाट प्रत्यक्ष किती वापरला जातो, तार कोणत्या मार्गाने येणार, मीटर वेगळा राहणार का आणि खर्च कोण करणार, हे त्यात लिहा. मध्यरात्रीचा वापर कळण्यासाठी परवानाधारक कंत्राटदाराकडून मुख्य पॅनेलवर आठवडाभर वीजवापराची नोंद ठेवणारे यंत्र लावून घेता येते; तो तक्ता अर्जाला जोडा. जुनी गाडी थकेपर्यंत परवानगी मिळाली तर इलेक्ट्रिक, लेखी नकार आला तर साधी हायब्रिड. 'गाडी आधी घेऊ, चार्जरचे नंतर पाहू' असे कोणी सुचवले, तर ऐकू नका.