उत्तर: ब्रँडीवाइन टोमॅटोची फुलगळ
ब्रँडीवाइन या मोठ्या फळांच्या जुन्या टोमॅटो वाणाची फुलं गळताहेत, या प्रश्नावर खत वाढवा असं या चर्चेत वर सुचवलंय. कृपया नका करू. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं. भर उन्हाळ्यात हे होत असेल तर कारण बहुधा रात्रीचा उकाडा. रात्रीचं तापमान २४ अंश सेल्सियसच्या खाली उतरलं नाही की परागण नीट होत नाही आणि फूल देठाच्या गाठीपाशी सुटून पडतं. मोठ्या फळांच्या जुन्या वाणांना याचा त्रास जास्त. शेजारच्या वाफ्यातले चेरी टोमॅटो तेव्हाही धरत असतात.

इथे न्यू जर्सीत जुलैमध्ये आमच्याकडेही हेच चालतं. झाड उपटू नका, पाणी नियमित ठेवा, रात्री थंडावल्या की पुन्हा फळ धरेल. आणि बी राखणार असाल तर कळी उमलण्याआधीच तिच्यावर जाळीची पिशवी बांधा. बटाट्यासारख्या पानांच्या या वाणात कुक्षी (फुलातलं पराग घेणारं टोक) बरेचदा परागकोशांच्या (पराग तयार होणाऱ्या भागांच्या) बाहेर येते, त्यामुळे मधमाश्यांकडून दुसऱ्या वाणाशी संकर होण्याची शक्यता इतर टोमॅटोंपेक्षा जास्त असते.