पोलीस 'मिसकंडक्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दखूण: एका अहवालाचं भाषांतर करतेय, त्यात 'पोलीस मिसकंडक्ट' पानोपानी आहे. मी 'गैरवर्तन' लिहिलं तर संपादक म्हणाले हे हवालदार उद्धट बोलला एवढंच वाटतं, कोठडीत माणूस मेला तरी गैरवर्तनच का? पटलं, पण दुसरा शब्द सुचेना.

जुना_कारकून: सरकारी नोकरांच्या 1979 च्या वर्तणूक नियमांमुळे 'गैरवर्तणूक' रूढ आहे, दोषारोपपत्रात तेच येतं. खात्यात 'कसुरी' म्हणतात, पण ड्युटीवर उशिरा आला तरी कसुरीच, सगळं एका गोणीत जाईल.

तत्सम: 'गैर' आणि 'कसूर' दोन्ही अरबी. दुर्वर्तन लिहा.

जुना_कारकून: मग वकील, फिर्याद, अर्जही काढा. ठाणे अंमलदाराला दुर्वर्तन सांगून बघा.

वऱ्हाडी: आधी या शब्दात मोजताय काय ते ठरवा. माझ्या काकांना 'चौकशीकामी' नेलं, दोन रात्री बाकावर बसवलं, घरी आले तेव्हा तळपायावर वळ, चप्पल घालवत नव्हती. अटक दाखवलीच नाही मग रजिस्टरात नाव कुठून येणार, 24 तासांत कोर्टापुढे न्यायचंही कारण नाही. तक्रार केली नाही कारण ती त्याच ठाण्यात द्यायची. काका कुठल्याच तक्त्यात नाहीत. ते स्वतःही 'मारलं' म्हणाले नाहीत कधी, 'चौदावं रत्न दाखवलं' म्हणायचे.

शब्दखूण: अहवालात हाच घोळ आहे. एनसीआरबी, म्हणजे केंद्राची गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी संस्था, पोलीस कोठडीतले मृत्यू देते, त्यात रिमांड झालेले न झालेले वेगळे, तुरुंगातले दुसऱ्याच अहवालात. मानवी हक्क आयोग पोलीस आणि न्यायालयीन दोन्ही कोठड्या मोजतो, 1993 पासून असा मृत्यू 24 तासांत त्यांना कळवायचा असतो. आपले पेपर सगळ्याला 'कोठडीतील मृत्यू' म्हणतात, मग आकडे जुळणार कसे? आणि मेला नाही, नुसता सुजला, तर पोलिसावर गुन्हा नोंदला तरच तो एनसीआरबीच्या रकान्यात येतो.

मीठभाकर: पण चौदावं रत्न म्हणजे मार कसं? मंगलाष्टकात मोजा, चौदावं अमृत येतं.

तत्सम: आजी सांगायची, तेरा देवादैत्यांनी वाटून घेतली, उरली ती मंथनाची दोरी, तिचाच चाबूक झाला.

मीठभाकर: दोरी कुठली, तो तर वासुकी नाग.

जुना_कारकून: आमच्या मास्तरांच्या छडीलाही हेच नाव होतं, म्हणजे शब्द पोलिसांचा नाही, शाळेतून ठाण्यात गेला.

शब्दखूण: नुसत्या बसवून ठेवलेल्या माणसाला 'कोठडीतला' म्हणायचं का ते सांगा ना कोणीतरी, उद्या मजकूर द्यायचाय.

मीठभाकर: क्रम प्रत्येक यादीत वेगळा असतो बहुतेक, घरी बघून सांगतो.