बेताच्या पैशांत अंगावर नीट बसणारा सूट: तुमचे अनुभव लिहा

धाकट्या भावाच्या कॅम्पस मुलाखती डिसेंबरात आहेत आणि मार्चमध्ये बहिणीचं लग्न. दोन्हीकडे चालेल असा एकच सूट घ्यायचा, सगळं मिळून नऊ हजारांच्या आत, असं घरात ठरलंय. मागच्या रविवारी आम्ही दोघं साताऱ्यातली तीन दुकानं फिरलो. सगळीकडे आधी कापडाचं नाव, मग किंमत, आणि खांदा लोंबतोय म्हटलं की "अल्टर करून देतो ना!" खांदा खरंच अल्टर होतो का? रेडीमेड बरा की शिवलेला? ज्यांनी स्वतःच्या कमाईतून, हिशेब करून सूट घेतलाय त्यांनी सविस्तर लिहा. पैसे वाया गेले असतील तर तेही लिहा.

निवृत्त टेलर, कोल्हापूर

ताई, खांद्याचं आधी सांगतो. तो कमी करायचा तर बाही उसवायची, पॅड काढायचा, वरची शिवण सोडवायची आणि सगळं परत बसवायचं. होत नाही असं नाही, पण मजुरी एवढी होते की सात-आठ हजारांच्या कोटाला परवडत नाही. म्हणून कोट अंगात घातल्यावर आधी फक्त खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. भावाला भिंतीला बाजूने टेकून उभं करा. दंडाच्या आधी पॅड भिंतीला लागला तर कोट मोठा आहे, खाली ठेवा.

मग मागून बघा. शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यांत फट नको. मानेखाली आडवी सळ पडत असेल तर पाठ त्या कोटाला मानवत नाही. पुढचं बटण लावल्यावर कापड फुलीसारखं ओढलं गेलं तर पोटात तंग आहे. हा दोष मात्र सुटतो, आत माया असेल तर. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं कापड. पाठीच्या मधल्या शिवणीत ती बोटांनी चाचपून बघा. बाही आखूड करणं सोपं, पण मनगटाची बटणं खरी काजं पाडून लावलेली असतील तर तिथून कापता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक रेडीमेड कोटांत ती नुसती टाचलेली असतात, त्यामुळे अडत नाही. हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा.

पंचेचाळीस वर्षं मी कोट कापले. माप द्यायला आलेला माणूस छाती काढून, पोट आत घेऊन उभा राहतो. मी त्याला गावाकडचं विचारायचो, पोरांचं विचारायचो, आणि बोलता बोलता तो सैल झाला की टेप लावायचो. पुष्कळांचा एक खांदा दुसऱ्याहून उतरता असतो. रेडीमेडमध्ये दोन्ही खांदे सारखे धरलेले असतात. शिंप्याकडे जायचं खरं कारण हे आहे. भावाचे खांदे सरळ असतील आणि चाळीस नंबर (म्हणजे इंचांतलं छातीचं माप) बसत असेल, तर रेडीमेड घेण्यात काही कमीपणा नाही.

बँकेत नोकरी, सांगली

मी शिवून घेतला. ५८ इंच पन्ह्याचं कापड, कोट-पँटला सव्वातीन मीटर लागतं. मी साडेचार घेतलं आणि एका कोटावर दोन पँटी शिवल्या, कारण आधी झिजते ती पँट. कोट महिन्यातून चारदा अंगावर येतो, पँट रोज खुर्चीवर घासते. एकाच ताग्यातलं कापड नंतर मिळत नाही, रंगात फरक पडतोच.

हिशेब असा: भिलवाड्याचं पॉलिस्टर-व्हिस्कोस, ४८० रुपये मीटर, म्हणजे २१६०. कोट-पँटची शिलाई ४२००, जादा पँटीचे ६००. एकूण ६९६०. टेलरने टेरीवूल (पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेलं कापड) सुचवलं होतं, ते अंगावर जास्त चांगलं पडतं हे मलाही दिसत होतं. पण मीटरमागे दुप्पट भाव होता आणि मला ते पैसे शिलाईवर घालायचे होते. निर्णय बरोबर ठरला असं आज पाच वर्षांनी म्हणते. (सूट नवऱ्याचा, हिशेब माझा.)

एक आग्रह: कच्च्या टाक्यांवरची ट्रायल सोडू नका. "डायरेक्ट तयारच घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. ट्रायलला जाताना ज्या बुटांवर सूट घालायचाय तेच घालून जा, पँटीची उंची त्यावर ठरते.

आयटी, पुणे

माझे पैसे वाया गेले, म्हणून लिहितो. लक्ष्मी रोडवर सेलमध्ये ४५०० चा सूट घेतला. दुकानात सुंदर दिसत होता. दुसऱ्यांदा ड्रायक्लीनहून आला तेव्हा छातीवर आणि लेपलवर (कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्टीवर) बारीक फुगे आलेले. स्वस्त कोटात आतलं अस्तर-कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, ते सुटलं की वरचं कापड फुगतं. त्यावर इलाज नाही, तीन इस्त्रीवाल्यांना दाखवून झालं. मुलाखतीच्या आदल्या रात्री हे दिसलं. दुसऱ्या दिवशी मी मित्राचा कोट घालून गेलो आणि सगळा वेळ माझं लक्ष बाह्यांकडे होतं.

आता या किमतीत चिकटवलेलाच मिळणार हे धरून चालतो आणि जपतो. घाम सुटला तर रात्रभर रुंद हँगरवर वाऱ्याला टांगायचा, ब्रशने झाडायचा, ड्रायक्लीन वर्षातून एकदा. इस्त्री थेट कोटावर फिरवायची नाही, मध्ये ओलं सुती फडकं.

नागपूर

मे महिन्यातल्या लग्नासाठी शिवत असाल तर पाठीला अर्धंच अस्तर लावायला सांगा. पूर्ण पॉलिस्टर अस्तरात आमच्याकडे जीव घुसमटतो.

मडगाव

आमच्याकडे ख्रिश्चन लग्नात नवऱ्यामुलापासून मामापर्यंत सगळे सुटात, त्यामुळे शिंप्याचा हात बसलेला असतो. माझे वडील जुन्या पद्धतीने शिंप्याला आल्फायात म्हणायचे, शब्द पोर्तुगीज. वडिलांचा लग्नातला सूट मी उसवून स्वतःच्या मापाचा करून घेतला. ते माझ्याहून अंगाने भरलेले होते आणि खांद्यात आम्ही सारखे, म्हणून जमलं. खर्च १८००. लोकरीचं ते कापड आज घ्यायला गेलो असतो तर मला परवडलं नसतं. घरातली कपाटं आधी उघडा, एवढंच सांगेन.

लेस्टर, इंग्लंड

शिकायला आलो तेव्हा चॅरिटी शॉपमधून (दान आलेल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून) २५ पौंडांना शुद्ध लोकरीचा नेव्ही सूट घेतला. इथे बाहीची लांबीही नंबरात असते: ३८ शॉर्ट, ३८ रेग्युलर. माझी उंची पाच फूट पाच, आणि ३८ शॉर्ट अंगात घातला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कोटाची बाही जागच्या जागी थांबली. कसरीची भोकं कापड उजेडात धरून बघावीत.

सांगलीकर ताईंना जोडून

माझे यजमान पोटाने सुटलेले. रेडीमेड सेटमध्ये छातीपेक्षा कंबर साधारण सहा इंच कमी धरतात, चाळीसच्या कोटाबरोबर चौतीसची पँट. यांची कंबर अडतीस. कोट आणि पँट वेगवेगळ्या नंबरची देणारं दुकान शोधा, नाहीतर शिवा.

धागाकर्ती, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या काकांनी सांगितलेली भिंतीची परीक्षा दुकानात केली. बेचाळीस नंबर बाद झाला, चाळीसही बाद झाला, अडतीसचा खांदा बसला. दुकानदार चाळीसच द्यायला बघत होता, "पोरगा भरेल अजून" म्हणून. नेव्ही ब्लू घेतला, ६२००. आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी कंबर आत घेतली, बाही पाऊण इंच आखूड केली, ५५० रुपये. पाठीच्या कटावर दुकानातून येतो तो फुलीचा दोरा आणि बाहीवरचं लेबल त्यांनीच काढलं. उरलेल्या पैशांत बूट घेतले.

काल संध्याकाळी भावाने सूट घालून आईला दाखवला. तिने मागून फिरून कॉलर बघितली, खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझाच वाटतो."