सोलापुरात व्हायोलिन क्लास: तीनपैकी कुठला?

होटगीरोडवाली: नमस्कार. मुलगी ९ वर्षांची, व्हायोलिनचं वेड घेऊन बसलीय. फीला महिना १,५०० च्या वर जमणार नाही, वाद्य जुनं चालेल. तीन ठिकाणी जाऊन आले. नव्या पेठेजवळचे सर खाली मांडी घालून बसवतात, दोन महिने मोकळ्या तारांवर नुसता गज ओढायला लावतात. वही बंद, 'आधी गाऊन दाखव, मग वाजव'. विजापूर रोडच्या मॅडम उभं करतात, स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत), बोटांच्या जागी रंगीत पट्ट्या, पुढे ग्रेडच्या परीक्षा. जुळे सोलापूरचा तरुण मुलगा पहिल्याच दिवशी सिनेमातल्या गाण्याच्या दोन ओळी वाजवून घेतो. कुठला बरा?

सात_रस्ता: सर. डोळे झाकून. राजमबाई काय, दातार काय, एवढे मोठे व्हायोलिनवादक खाली बसूनच वाजवायचे.

गजानन_७८: ताई, वाद्य चांगलं घ्या. मी मुलाला २२ हजारांचं घेतलं, आवाज बघा एकदा.

होटगीरोडवाली: दादा, २२ हजारांत माझी वर्षाची फी निघून वर उरतील.

गजानन_७८: एकदाच घ्यायचंय की ओ. मोठंच घ्या, पोरं वाढतात.

पूर्वभाग: मोठं अजिबात नको! आम्ही तेच केलं, चार महिन्यांत पोराचा डावा खांदा दुखायला लागला. वाद्य हनुवटीखाली धरून डावा हात सरळ लांब करा, तळव्यात पुढचं वळलेलं टोक आरामात मावलं पाहिजे. नऊ वर्षांच्या पोरीला बहुतेक अर्धा साइज बसेल. दुकानदार हात मोजतच नाहीत.

पुणेरी_भाची: माझी भाची सुझुकी पद्धतीने शिकते, पुण्यात. मूल बोलायला शिकतं तसं आधी कानाने, वाचन नंतर. आईबापानेही क्लासला बसायचं. तीन वर्षांत कार्यक्रम झाले तिचे.

शेंगाचटणी: आई क्लासला बसली तर भाकरी कोण थापणार? 😄

सात_रस्ता: कानानेच ना? मग सर तेच करतायत. पट्ट्या लावल्या की पोरं डोळ्यांनी वाजवतात.

ग्रेड_पाच: चूक. मी पट्ट्यांवरच शिकले, आठ महिन्यांनी मॅडमनी काढल्या, बोट आपोआप जागेवर पडायचं. पट्ट्या कधी काढता, एवढं विचारून घ्या. आणि उभ्याने हात वरखाली मोकळा सरकतो.

सात_रस्ता: खाली बसलं की टोक उजव्या पावलावर टेकतं, डाव्या हाताला वाद्य धरायचं ओझंच नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जायचं, ती मींड त्यामुळेच येते. उभ्याने मींड काढून दाखवा.

ग्रेड_पाच: मुलीला मींड हवीय का, हे कुणी विचारलंय?

पूर्वभाग: भांडू नका. ताई, एक लक्षात ठेवा, दोन्हीकडे थोडं थोडं नको. मॅडमकडे चार तारा जी-डी-ए-ई सुरांत लावतात, सर सा-प-सा-प लावणार. आमच्या शेजारच्याने घरी दुसऱ्या पट्टीत जुळवायला पातळ तार ताणली, ती तुटून गालावर बसली. आणि उन्हाळ्यात लाकूड वाळून खुंट्या सैल होतात, वाद्य खिडकीत ठेवू नका.

गजानन_७८: २२ हजारवाल्याच्या खुंट्या सैल होत नाहीत.

शेंगाचटणी: तिसरा सोडा. गाणी महिन्यात येतात, गज वाकडा तो वाकडाच राहतो. माझ्या चुलतभावाचा आजही करकरतो.

पुणेरी_भाची: हो, तिसरा नको. आधी पाया.

सात_रस्ता: +१. तिसरा नकोच.

होटगीरोडवाली: सगळ्यांचे आभार. तिसराच घेतला. 😅 १,२०० फी, घरापासून चालत. बाकी दोन्हीकडून येताना ती गप्प होती, इथून येताना जिन्यातच हवेत गज ओढत होती. पूर्वभाग दादांचं ऐकून हात मोजला, अर्धा साइज जुना मिळाला. गज सरळ चालतो का, ते दर शनिवारी आरशासमोर मी बघणार. पण आत्ता घरी वाजवतोय तर आवाजच येत नाहीये, नुसतं खसखस. वाद्य खराब निघालं का?

पूर्वभाग: गजाचे केस नवीन टाकलेत का?

होटगीरोडवाली: हो, दुकानदाराने कालच बदलून दिले. बरोबर एक पिवळी वडी पण दिलीय. ती कशाला असते?

शेंगाचटणी: अहो ताई, राळ आहे ती!! लावा की केसांना, तिच्याशिवाय केस तारेवर नुसते घसरतात!

पूर्वभाग: नवी वडी गुळगुळीत असते, आधी बारीक सँडपेपरने थोडी घासा. मग केसांवर वरपासून खालपर्यंत, पंधरा-वीस वेळा. केसांना बोटं लावू नका.

गजानन_७८: माझ्या वाद्याबरोबर राळ इम्पोर्टेड आली होती.